देवी जेवताना दार उघडू नये

आमच्या घराण्यातल्या महालक्ष्म्या आजवर एकदाही चुकलेल्या नाहीत. दुष्काळ आले, पटकीची साथ आली, रझाकारांच्या काळात अर्धं गाव रानात जाऊन राहिलं, पण भाद्रपदात ज्येष्ठा आणि कनिष्ठा आमच्याकडे उभ्या राहिल्या, जेवल्या आणि तिसऱ्या दिवशी तृप्त होऊन गेल्या. हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं की बराच काळ माझा त्यावर विश्वास होता. पुढे कधीतरी लक्षात आलं की हे सांगणाऱ्या सगळ्या पुरुषांना लक्ष्म्यांची तिथी दर वर्षी बायकांना विचारावी लागते, आणि ज्या बायकांनी त्या दुष्काळात सोळा भाज्या कुठून तरी पैदा केल्या असतील, त्यांच्यातल्या एकीचंही नाव कुणाला सांगता येत नाही. परंपरा कुणी चालवली असं विचारलं की घराण्यानं, असं उत्तर मिळतं. घराणं म्हणजे नेमकं कोण पहाटे चारला उठतं, ते मला एकोणिसाव्या वर्षी कळलं, कारण त्या वर्षी घराणं मी होते.

आम्ही मुकुंदवाडीला राहायचो, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. शहराचं नाव तेव्हा वेगळं होतं. आता नाव बदललं आहे. नळाला पाणी येण्याचे दिवस वाढलेले नाहीत. समोर ओटा, मग एक मोठी खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, बाजूला बिनखिडकीची अडगळीची खोली, आणि मागे मोरी, हौद, पेरूचं झाड. अण्णा, म्हणजे माझे वडील, क्रांती चौकाजवळच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि सायकलनं जायचे. मऊ माणूस. घरात वाद सुरू झाला की ते उठून देवापुढच्या दिव्याची वात पुढे सारायचे. आमच्याकडे वाद बरेच होत, त्यामुळे दिवा कायम चांगला जळायचा.

आई मूळची मोठ्या आवाजाची. दारात उभं राहून ती गल्लीच्या टोकाच्या भाजीवाल्याशी भाव करायची आणि तो तिथूनच कमी करायचा. आदल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ती भाकरी थापत होती. तव्यावर करपल्याचा वास आला म्हणून मी आत गेले, तर ती परातीशेजारी कलंडलेली. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी मला पुन्हा पुन्हा बजावल्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि डोकं कधीच सपाट ठेवायचं नाही. पाठीमागे दोन उशा, कायम. तिच्या घशातलं बळ गेलंय, म्हणाले, नुसती थुंकीसुद्धा चुकीच्या वाटेनं जाऊ शकते, आणि तिला नीट खोकता येणार नाही. ते हे अण्णांकडे बघून सांगत होते. अण्णा माझ्याकडे बघत होते. थोरल्या बहिणीचं लग्न झालेलं, भाऊ नाही. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. म्हणजे हजेरीपटात होते.

आईच्या खाटेला मोठ्या खोलीत पूर्वेच्या भिंतीशी जागा दिली, कारण तिथं खिडकी होती आणि मोरी जवळ पडायची. तिच्या चांगल्या हाताशी, डावीकडे, एका स्टुलावर स्टीलची वाटी पालथी घालून ठेवली आणि चमचा दिला. एकदा वाजवून ती थांबायची. मी जाऊन विचारायचे, पाणी? कूस? डास? ती मान हलवायची. नऊ महिन्यांत माझा कान असा तयार झाला होता की मोरीत धुणं आपटताना, रुळावरून जालन्याकडची गाडी धडधडत जात असतानाही मला ती वाटी ऐकू यायची. आजही कुणाच्या घरी जेवायला बसले आणि वाटीवर चमचा आपटला की मी अर्धी उठलेली असते. लोकांना वाटतं मी वाढायला उठले. तेवढं कौतुक मी ठेवून घेते.

आजारी माणसाच्या घरात सण कसा येतो, हे पंचांगात लिहिलेलं नसतं. श्रावण लागला की लोकांना आजाऱ्याला भेटायला जाण्याची आठवण होते. भेटायला म्हणजे चहाला. खाटेच्या पायथ्याशी खुर्ची ओढून बसायचं, आईकडे बघून जीभ चुकचुकायची, मग ती बहिरी असल्यासारखं तिच्यासमोरच म्हणायचं, "काय बाई होती आणि काय झालं!" मग मला, "खा प्या नीट, तब्येतीला जप," आणि कप माझ्या हातात. एकदा एका दिवसात मी एकवीस कप विसळले. त्या एकवीसजणांत एकानंही असं म्हटलं नाही की मी बसते अर्धा तास, तू जरा पडून घे. हे म्हणणारी एकच बाई होती आणि तिच्याकडे ना श्रावण होता ना भाद्रपद. शेजारची शमीम खाला. ब्लाउज शिवायची, गळ्यात कायम मोजपट्टी. रोज अकराला मशीन बंद करून मागच्या दारानं यायची. "जा गे, नहा ले. मैं बैठतूं इधर." मी आंघोळ करेपर्यंत ती आईला गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायची, कुणाचं माप वाढलं, कोण जुनंच सांगून शिवायला लावते. आई अर्ध्या तोंडानं हसायची. त्या नऊ महिन्यांत आई हसली ती बहुतेक त्याच अर्ध्या तासात.

गणपतीच्या आधी करमाडहून मंडळी आली. करमाडला आमची शेती, ती बापूकाका बघायचे. सोबत काकू, आणि आत्या. आत्या अण्णांपेक्षा मोठी, गावातच दिलेली, लग्नाला चाळीस वर्षं होऊनही माहेरचा कारभार न सोडलेली. आजोबा गेल्यावर लक्ष्म्यांचे पितळी मुखवटे थोरला मुलगा म्हणून अण्णांकडे आले होते आणि पहिल्या वर्षी ते पूर्वेच्या भिंतीशी उभे राहिले. लक्ष्म्या एकदा जिथं उभ्या राहिल्या तिथून हलत नाहीत. आई हलवता येत होती.

"खाट अडगळीच्या खोलीत न्या," आत्या म्हणाली. "तीन दिसांचा तर सवाल हाय."

"तिथं खिडकी नाही, आत्या. जीव गुदमरेल तिचा."

"तीन दिसात कोन गुदमरतंय गं? आमी बाळंतपनं काढली तसल्या खोल्यांत."

"मग या वर्षी लक्ष्म्या करमाडला बसवा."

काकूला एकदम आठवलं की त्यांच्या घराचं छत गळतंय. बापूकाकांनी त्याला दुजोरा दिला. अण्णा उठून दिव्याकडे गेले. मग खाट हलवायला घेतली, पण ती अडगळीच्या खोलीच्या दारातून आत जात नाही, हे सिद्ध व्हायला बापूकाकांना दीड तास आणि चौकटीचा एक टवका लागला. शेवटी तोडगा निघाला. खाट त्याच खोलीत, पण उत्तरेच्या कोपऱ्यात सरकवायची, मधे दोरी बांधून पडदा सोडायचा. पडद्याला आईचीच हिरवी जरीची साडी काढली. तिची सगळ्यात चांगली साडी. लक्ष्म्यांच्या शेजारी शोभून दिसेल म्हणून. माझी आई तिच्या साडीमागे गेली, आणि खोली, आत्याच्या शब्दांत, "आता कशी मोकळी झाली."

पहिल्या दिवशी लक्ष्म्या आल्या. उंबऱ्यापासून कुंकवाची पावलं काढलेली, काकू ताट वाजवतेय, आत्या विचारतेय, "कोन आलं?" आणि बाकीच्या म्हणताहेत, "लक्ष्मी आली." "कशाच्या पावलांनी आली?" "सोन्याच्या पावलांनी आली." ताटाच्या त्या आवाजानं आई दचकून दचकून डोळे मिटत होती. मी पडद्याआड तिचे कान दोन हातांनी धरून बसले होते. पडद्यापलीकडून आत्या ओरडली, "वैशे, घंटा घे की हातात! सोन्याची पावलं घरात येतायत आन ही तिकडं दडून बसली."

मग कामाची वाटणी झाली. मी आईचं पॉट काढायचे, तिला पुसायचे, म्हणून माझा हात नैवेद्याला चालणार नव्हता. आत्या आणि काकू ओलेत्यानं पुरण शिजवणार, पोळ्या लाटणार. मला मनातून जरा बरं वाटलं की चला, एवढं तरी सुटलं. ते तासाभरात गेलं. माझ्या हातानं पोळीला विटाळ होत होता. पोळीच्या परातीला, पुरणाच्या पातेल्याला, तळणीच्या कढईला आणि अठ्ठावीस माणसांच्या ताटांना होत नव्हता. पाण्यालाही होत नव्हता, फक्त ते हौदातून काढून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच आणायचं होतं. उंबऱ्यावरून पुढे काकू उचलायची आणि म्हणायची, "बघ, आमीबी करतोयच की."

आता इतक्या वर्षांनी हे लिहिताना मला स्वतःशीच कबूल करावं लागतं की तो स्वयंपाक फार सुरेख होता. कटाच्या आमटीला काळ्या मसाल्याचा असा वास की स्टेशनवरची माणसं वळून बघत असतील. सोळा भाज्या एकत्र शिजवलेल्या, त्यात भोपळा, दोडका, अंबाडी, आणि ओळखू येऊ नयेत अशा आणखी काही. ज्वारीच्या कण्यांची आंबील, थंडगार, लसणाची फोडणी दिलेली. देवीच्या डोक्यावर फुलोऱ्याच्या करंज्या लटकत होत्या. आंबील आईच्या हातची, असं दर वर्षी सगळे म्हणायचे. त्या वर्षीही म्हणाले, "वहिनींच्या हातची चव नाय आली," आणि तीन-तीन वाट्या प्याले. पडद्यामागे आई नाकानं श्वास ओढून ओढून वास घेत होती. मी तिला ज्वारीच्या पिठाची पेज भरवत होते, चमच्याच्या टोकानं, हनुवटी खाली करून, प्रत्येक घोटानंतर थांबून. एका वाटीला चाळीस मिनिटं लागायची. देवीचं जेवण याच्यापेक्षा लवकर उरकतं.

ते असं उरकतं. दुसऱ्या दिवशी दुपारी महानैवेद्य दाखवतात, पुरणाच्या दिव्यांनी आरती होते, मग उदाचा धूप करून सगळे बाहेर पडतात आणि दार लावून घेतात. देवी जेवताना माणसानं बघू नये, आवाज करू नये, दार उघडू नये. दहा-पंधरा मिनिटांनी थोरली बाई दार वाजवून आत जाते आणि मग माणसांची पंगत बसते. मला हे लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी आरती संपेपर्यंत डोक्यात आलं नव्हतं की त्या वर्षी दाराच्या आत आई असणार.

"मी आत बसते, पडद्यामागे," मी आत्याला म्हटलं. "डोळे मिटून बसेन."

"डोळे मिटून नाय न उघडून नाय. देवी जेवताना मानूस नको आत."

"आई आहे की आत."

आत्यानं निरांजन खाली ठेवलं. तिला राग आला नव्हता. हे मला अजून पचलेलं नाही. लहान मुलाला गणित समजवावं तशा आवाजात ती म्हणाली, "ती कुठं मानसात हाय आता, वैशे?"

अण्णा तिथंच होते. ते समईची वात पुढे सारत होते. आईसुद्धा तिथंच होती, साडीच्या पडद्यापलीकडे सहा हातांवर, आणि तिचे कान चांगले होते. मी तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. ते वाक्य मी नंतर हजार वेळा बोलले आहे, भांडी घासताना, बसमधे, आत्याच्या तेराव्याला सुद्धा मनातल्या मनात. तेव्हा मी म्हटलं, "दहाच मिनिटं ना?" पुढे जे झालं त्यात आत्याचा वाटा मोठा आहे, पण दहा मिनिटांना मी हो म्हटलं आणि ते मीच म्हटलं. पडद्यामागे जाऊन आईच्या पाठीच्या दोन्ही उशा नीट केल्या, तिला ताठ बसवलं, वाटी-चमचा हाताशी आहे हे बघितलं, कानात सांगितलं, "आलेच." आई माझ्याकडे बघत राहिली. मग बाहेर आले आणि अठ्ठावीस माणसांचं हात धुवायचं पाणी भरायला हौदावर गेले.

दोन बादल्या भरून घराला वळसा घालून ओट्यावर आले, तर सगळे हात जोडून उभे. काकूच्या डोळ्यांत पाणी होतं. आत्याचे जावई, जालन्याहून आलेले, त्यांचा मान म्हणून त्यांच्यासाठी ओट्यावर सतरंजी घातली होती. ते सुद्धा बसल्या जागी हात जोडून. आत्या लावलेल्या दाराची कडी धरून उभी होती आणि तिनं एक बोट वर केलं होतं. "ऐका," ती कुजबुजली. "ताट वाजतंय. जेवतायत."

आतून आवाज येत होता. टण. टण टण. टण टण टण.

आई एकदा वाजवून थांबायची. आता ती थांबत नव्हती. मी बादल्या टाकल्या. "आत्या, ती आई आहे! वाटी वाजवतेय! दार उघड!"

"शू! देवी हायत."

"अगं वाटी आहे ती! सरक!"

"बापू, धर हिला. अर्ध्या ताटावरनं उठल्या तर निर्वंश हुईल."

बापूकाकांनी माझा दंड धरला. जोरानं नाही, ते चांगले गृहस्थ होते आणि त्यांना खरंच वाटत होतं की मी दमल्यामुळं बहकलेय. "असं करू नाय पोरी," ते म्हणाले. आत चमचा वाजला, अडखळला, पुन्हा एकदा वाजला, आणि मग बंद झाला.

आत्यानं डोळे मिटले. "झालं," ती म्हणाली. "तृप्त झाल्या."

काकांच्या हाताला मी चावले. आत्याला खांद्यानं ढकललं, ती काकूवर पडली, काकू तांब्यांवर. खोलीत धुराशिवाय काही दिसत नव्हतं. उदाचा धूप बंद खोलीत पंधरा मिनिटं कोंडलेला, त्यात समया, कापूर. मी पडदा ओढला तर दोरीसकट खाली आला. आई सपाट पडली होती. पाठीमागे एकही उशी नव्हती. ओठ निळसर, डोळे छताकडे, घशात पाणी उकळल्यासारखा आवाज. मी तिला कुशीवर वळवलं, बोटाला पदर गुंडाळून तोंडातली लाळ काढली, आणि दवाखान्यातल्या नर्सनं शिकवलं होतं तशी ओंजळीच्या हातानं पाठीवर थापत राहिले. किती वेळ, ते माहीत नाही. बाहेरून आत्याचा आवाज येत होता, "उठल्या गं बाई, उपाशी उठल्या," आणि मी थापत होते. मग आईच्या छातीतून एक घाण, ओला, लांबलचक आवाज निघाला आणि तिनं श्वास घेतला. त्याच्याइतका सुंदर आवाज मी आजवर ऐकलेला नाही. मी किंचाळून विचारलं, "उशा कुणी घेतल्या?"

मग काकू दारातून म्हणाली, "जावईबापूंना भित टोचत व्हती. म्या म्हनलं ही काय, निजूनच तर हाय."

तेव्हा अण्णा हलले. ते ओट्यावर गेले आणि जावयाच्या पाठीमागच्या दोन्ही उशा त्यांनी एका झटक्यात ओढून काढल्या. जावईबापू मागे भिंतीवर आपटले. अण्णांनी उशा आणून आईच्या पाठीशी लावल्या, एकीवर एक, कडा जुळवून, फायली रचाव्यात तशा. आयुष्यात त्यांनी केलेलं हे एकच बंड. ते पुरेसं नव्हतं, आणि मी त्यांना तसं सांगितलंही, बऱ्याच वर्षांनी, ते स्वतः खाटेवर असताना. ते म्हणाले, "माहिताय." मग मी त्यांची कूस बदलली.

पण त्या दुपारी मी आत्याला जे बोलले ते सगळ्यांनी ऐकलं. मी म्हटलं, "या दोघी पितळेच्या आहेत, आत्या. त्यांना एक दिवस जेवण नाही मिळालं तर काही होत नाही. ही माणूस आहे. हिला माणसांत मोजायचं." मला वाटलं आता घर फुटेल. आत्या खाली बसली. तिचा चेहरा खरोखर भ्यालेला होता. तो निर्वंश तिला समोर दिसत असावा. आणि मग काकू, तांब्यांत पडून कोपर फुटलेली काकू, हळूच म्हणाली, "पन आवाज तर आलाच की, वन्सं. सगळ्यांनी ऐकला."

"वाटीचा," मी म्हटलं.

"वाटीचाच," आत्या म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू रक्त परत येताना मला दिसलं. "पन वाजिवली कुनी? लुळ्या बाईच्या हातात येवढं बळ आलं कुठनं?"

तिचा डावा हात चांगला आहे, हे मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत पंगत बसली होती. पहिल्या पंगतीत लक्ष्मीनं वहिनींच्या हातून वाटी वाजवली होती. दुसऱ्या पंगतीत लक्ष्मी वहिनींच्या अंगात येऊन स्वतः जेवली होती. मठ्ठ्यापर्यंत बापूकाका हाताचा चावा दाखवून सांगत होते की पोरगी आडवी आली नसती तर वहिनी उठून बसल्या असत्या. आमच्या घराण्याचा आता फोनवर ग्रुप आहे. दर भाद्रपदात तिथं जरीच्या साड्यांतल्या लक्ष्म्यांचे फोटो येतात आणि कुणीतरी नातू लिहितो की आमच्या घरी देवी प्रत्यक्ष जेवून गेलेली आहे. खाली जोडलेल्या हातांची चित्रं. मी दोनदा खरं काय झालं ते लिहिलं. दोन्ही वेळा त्याखालीही हात जोडलेले आले.

संध्याकाळी हळदीकुंकू होतं. दर वर्षी गल्लीतल्या दहा-बारा बायका यायच्या. त्या वर्षी ओटा भरला, गल्लीत चपलांचा ढीग पडला. पडदा पुन्हा बांधला नाही. आता बायका लक्ष्म्यांना कुंकू लावून पुढे खाटेकडे वळत होत्या. दुपारी जी माणसांत नव्हती तिची ओटी भरली गेली. तिच्या कपाळावर इतकं कुंकू साचलं की ते डोळ्यांत जाऊ लागलं, मी पुसायला गेले तर आत्यानं हात धरला, "पुसू नको, अपशकुन." आत्यानं आईची वाटी आणि चमचा स्टुलावरून उचलून लक्ष्म्यांपुढे पाटावर ठेवले होते, त्यांना हळद वाहिली होती. मी ते परत मागितले. "आता ती देवाची झाली," आत्या म्हणाली. एक बाई मला जवळ घेऊन म्हणाली, "भाग्याची गं तू, अशा आईची सेवा मिळाली." मी सकाळपासून अर्धीच भाकरी खाल्ली होती. मी त्या बाईला म्हटलं, "उद्या तुम्ही घ्या सेवा. दहा ते पाच. मी कॉलेजला जाते." ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय. आणखी दोघींनाही विचारलं, अगदी गंभीरपणे, वेळेसकट. एकीच्या घरी पाहुणे होते. दुसरी म्हणाली, असलं पुण्य वाटायचं नसतं.

तेवढ्यात बायकांत खळबळ झाली. आईनं डावा हात वर केला होता. कोपरापासून, सावकाश, तळवा बाहेर. तिचे डोळे मोठे झाले होते आणि ती गर्दीवरून कुणाला तरी शोधत होती. "आशीर्वाद!" आत्या ओरडली. "आशीर्वाद देती! वाका गं, वाका!" वीस-पंचवीस बायका एकदम खाली वाकल्या. बाजूची चाळीस-बेचाळीसची बाई हुंदके देऊ लागली. कुणीतरी घंटा वाजवली. मी स्वयंपाकघराच्या दारात कपांचा ट्रे घेऊन अडकले होते, आणि माझ्या नि आईच्या मधे सगळ्या वाकलेल्या पाठी.

मागच्या दारानं शमीम खाला आली होती. दुपारचं काहीतरी कानावर गेलं म्हणून मशीन टाकून आली असावी. मोजपट्टी गळ्यातच होती. तिनं माझ्या खांद्यावरून एकदा खाटेकडे बघितलं. "अगे हटो सब," ती मोठ्यानं म्हणाली. "उसको पॉट होना. कबसे हात उठा रई बिचारी."

तिचं बरोबर होतं. पॉट मोरीत होतं. ते घेऊन मी त्या पाठींमधून वाट काढत पोचले तोवर उशीर झाला होता, आणि मी चादर बदलली.